रोममध्ये भर उन्हाळ्यातला एक दिवस, कमी खर्चात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै-ऑगस्टमध्ये एक-दोन दिवसांसाठी रोमला जाणाऱ्यांचे हे नेहमीचे प्रश्न आहेत. दर एका प्रौढ माणसाचे आहेत. ते अधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढताना अधिकृत संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. एक युरो साधारण शंभर रुपये धरला की मनातला हिशेब सोपा जातो. प्रत्यक्षात थोडे जास्तच लागतात.

आम्ही विदर्भातले. रोमच्या ३३-३४ अंशांना काय घाबरायचे?

नागपूरचा माणूस मे महिन्यात दुपारी एकला घराबाहेर पडत नाही. तोच माणूस रोममध्ये त्याच वेळी काळ्या दगडी फरशीवर पाठीला पिशवी लावून चालत असतो. फरक एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे. दिवसभरात बारा-पंधरा किलोमीटर चालणे सहज होते. जुन्या शहरातले रस्ते काळ्या बसाल्टच्या चौकोनी दगडांचे आहेत. ते तापतात आणि अंधार पडल्यावरही बराच वेळ ऊब सोडत राहतात. उष्णतेची लाट आली की पारा ३८ च्या वर जातो.

दुसरी फसगत घड्याळाची. उन्हाळ्यात इटलीत घड्याळ तासभर पुढे असते, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वाच्या सुमारास, आणि सर्वांत कडक वेळ तीन ते पाच. "चार वाजले, आता ऊन उतरेल" हा आपला अंदाज तिथे चुकतो. जूनअखेर सूर्य मावळतो पावणेनऊनंतर, ऑगस्टच्या मध्याला सव्वाआठच्या आसपास.

इटलीचे आरोग्य मंत्रालय उन्हाळ्यात शहरवार उष्णतेचा इशारा देते: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. लाल म्हणजे केवळ आजारी माणसांना नव्हे, धडधाकटांनाही धोका. त्या दिवशी खालच्या वेळापत्रकातून फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे उघड्यावरचे अवशेष, काढून टाका.

मग दिवसाची आखणी कशी करायची?

दिवस दोन तुकड्यांत करा: पहाटे ते अकरा आणि साडेचार-पाच ते रात्र. मधला वेळ सावलीचा. पैसे वाचवायचे असतील तरी हाच उपाय, कारण भर दुपारी उघड्यावर फिरणारा माणूस थकून टॅक्सी करतो, चौकातल्या महागड्या टेबलावर बसतो आणि पाच युरोंचे सरबत मागवतो.

जमणारा एक क्रम असा:

सकाळी साडेसहाला मेट्रोच्या 'ए' मार्गावरचे बार्बेरिनी स्थानक. तिथून दहा मिनिटांत ट्रेव्ही कारंजे. यावेळी गर्दी तुरळक असते. मग बारमध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानात, उभ्याने कॉफी आणि कोर्नेत्तो (क्रोसाँसारखा गोड पाव), आणि व्हेनेझिया चौकातून फोरमच्या कडेकडेने चालत कोलोसियम. साडेआठ किंवा नऊची वेळ आधीच आरक्षित केलेली असावी. आत सव्वा तास पुरतो. लगेच फोरम आणि पॅलाटाइन टेकडी. तिथे सावली जवळजवळ नाही, म्हणून अकराच्या आत बाहेर पडायचे.

कोलोसियमच्या वरच्या अंगाला, दहा मिनिटांच्या चढावर, सान पिएत्रो इन व्हिंकोली हे चर्च आहे. मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा इथेच, आणि प्रवेश फुकट. साडेबाराला हे चर्च बंद होते, म्हणून जेवणाआधी इकडे यायचे. मग मोंती भागात जेवण.

दुपारी मुक्कामावर जाऊन झोपणे सर्वांत उत्तम. मुक्काम लांब असेल तर सांता मारिया माज्जोरे: भव्य, गार, दिवसभर उघडे, फुकट. पोप फ्रान्सिस यांची समाधी एप्रिल २०२५ पासून इथे असल्याने दारावर तपासणीची रांग लागू शकते.

पाचच्या सुमारास बसने पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराकडे. पँथिऑन सातला बंद होते आणि शेवटचा प्रवेश साडेसहाला, त्यामुळे आधी ते. मग सांत इन्यात्सिओ आणि सान लुईजी देई फ्रांचेसी ही चर्च, नव्होना चौक. साडेसातला पोंते सिस्तो पुलावरून त्रास्तेव्हेरे, आणि तिथून जानिकोलो टेकडी चढून सूर्यास्त. अख्खे रोम समोर दिसते आणि एक पैसा लागत नाही.

या दिवसाला एकूण खर्च किती?

तीन साधी प्रवासतिकिटे साडेचार युरो. उभ्याने नाश्ता तीन. दुपारचा पिझ्झा सात. गार काहीतरी चार. साधे रात्रीचे जेवण चौदा. स्वच्छतागृह आणि चर्चमधली चित्रे पाहायला लागणाऱ्या दिव्याची नाणी मिळून तीन. हे झाले साडेपस्तीस. कोलोसियमचे १८ आणि पँथिऑनचे ५ मिळवले की साडेअठ्ठावन्न.

कात्री कुठे लावायची तर कोलोसियमला. बाहेरून ते फुकट आणि सुंदर दिसते, आणि कांपिदोल्यो टेकडीच्या मागच्या कठड्यावरून सगळा फोरम खाली पसरलेला दिसतो. पँथिऑनचे पाच युरो मात्र वाचवू नका. ४३ मीटर व्यासाचा, लोखंडाच्या सळ्यांशिवाय उभा असलेला काँक्रीटचा घुमट, आणि छताच्या मध्यभागी सुमारे नऊ मीटरचे उघडे भोक. त्यातून पडणारा उजेडाचा गोल भिंतीवरून सरकत असतो.

मुक्कामाचा कर वेगळा. तो प्रतिमाणशी, प्रतिरात्र असतो आणि बहुतेकदा आगाऊ भरलेल्या रकमेत धरलेला नसतो: एक तारा हॉटेलला ४ युरो, तीन ताऱ्यांना ६. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. स्वस्त खोली घेताना वातानुकूलन भाड्यातच आहे की रोजचे वेगळे पैसे लागतात, हे आधी विचारा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये फुकट असतात. तो दिवस साधावा का?

हिवाळ्यात जरूर. जुलै-ऑगस्टमध्ये आमचे मत 'नको' असे आहे. त्या दिवशी कोलोसियमची फुकट तिकिटे जागेवरच मिळतात, रांग उन्हात असते आणि लांब असते. अठरा युरो वाचवून सकाळचे गार दोन तास रांगेत घालवले तर उरलेला दिवस कोलमडतो. पँथिऑन त्या दिवशी फुकट आहे आणि संध्याकाळी तिथली रांग सावलीत येते; तेवढे करायला हरकत नाही.

सवलत कोणाला मिळते?

कोलोसियम, पँथिऑन अशा सरकारी ठिकाणी १८ वर्षांखालील मुलांना कोणत्याही देशाचे असले तरी प्रवेश फुकट. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट लागतो, आणि कोलोसियमला मुलांचेही शून्य युरोचे तिकीट आरक्षित करावे लागते. ते विसरलेली कुटुंबे दारात अडकतात.

१८ ते २५ वयासाठी दोन युरोंचे तिकीट आहे, पण ते युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रश्न नेहमी पडतो: विद्यापीठाचे ओळखपत्र आणि निवासपरवाना असला तरी भारतीय पासपोर्टवर ही सवलत धरून चालू नका. व्हॅटिकन हे वेगळे राष्ट्र, त्यामुळे तिथल्या संग्रहालयांना इटलीचा कोणताच नियम लागू नाही.

कोलोसियमचे तिकीट कधी आणि कुठे काढायचे?

अधिकृत संकेतस्थळावर, साधारण तीस दिवस आधी. उन्हाळ्यातल्या सकाळच्या वेळा लवकर संपतात. तिकिटावर नाव असते आणि दारात ते पासपोर्टशी ताडतात. नाव पासपोर्टवर आहे तसेच टाका. साध्या तिकिटात फोरम आणि पॅलाटाइनही येतात आणि तिकीट २४ तास चालते. मात्र कोलोसियममध्ये ठरलेल्या वेळीच जावे लागते. मोठ्या सॅक आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत, आणि सामान ठेवायची सोय नाही.

बाहेर "रांग टाळा" म्हणत मागे लागणारे लोक तेच तिकीट दुप्पट-तिप्पट भावाने, सोबत गाइड जोडून विकतात. सुरक्षा तपासणीची रांग कोणालाच टळत नाही.

पाणी विकत घ्यावे लागते का?

अजिबात नाही. रोममध्ये रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे, कमरेएवढे उंच नळखांब आहेत. त्यांना नासोने म्हणतात. १८७० च्या दशकापासून ते बसवले गेले आणि आज सुमारे अडीच हजार आहेत. पाणी सतत वाहते, त्यामुळे नळीत तापत नाही आणि भर दुपारीही गार लागते. हेच पाणी घरांतल्या नळांना येते.

वाकून तोंड लावायचे नाही. वाकड्या नळीच्या टोकाला बोट लावून दाबले की नळीच्या वरच्या बारीक भोकातून धार वर उडते, ती प्यायची. पहिल्या वेळी धार चेहऱ्यावर येते. बोट हळू दाबा. बाटली मात्र खालूनच भरा. 'नॉन पोताबिले' अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचे नाही. स्पॅनिश पायऱ्यांखालच्या होडीच्या आकाराच्या बार्काच्चा कारंज्यातही पिण्याच्या धारा आहेत. त्याला आणि ट्रेव्हीला पाणी येते ते रोमन सेनापती आग्रिप्पाने इसवी सनपूर्व १९ मध्ये बांधलेल्या व्हिर्गो जलवाहिनीच्या परंपरेतून.

कोलोसियमजवळ पालिकेच्या पाणीकंपनीचे यंत्र आहे; त्यातून साधे आणि सोडायुक्त, दोन्ही पाणी फुकट मिळते. त्याच कंपनीचे 'वायडी वॉव' हे ॲप जवळचा नळ नकाशावर दाखवते.

प्रमाण: माणशी पाऊण लिटरची बाटली, दर तासाला रिकामी. दिवसभरात तीन लिटर तरी पोटात जायला हवेत. नुसते पाणी पिऊन डोके दुखायला लागले तर मीठ कमी पडलेले असू शकते. भारतातून इलेक्ट्रॉलची पाकिटे न्या. तिथल्या औषधदुकानात तत्सम पुड्या मिळतात, पण महाग.

शाकाहारी माणसाने काय खावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि उत्तर वाटते तितके सोपे नाही.

दुपारी 'पिझ्झा अल ताल्यो' घ्या: मोठ्या ताटातला पिझ्झा, कात्रीने हवा तेवढा कापून, वजनावर. पाटीवरचा भाव बहुधा शंभर ग्रॅमचा किंवा किलोचा असतो. न पाहता "मोठा तुकडा" मागितला की बिल फुगते. अडीचशे-तीनशे ग्रॅममध्ये एका माणसाचे पोट भरते. बिनधोक प्रकार: मार्गेरिता, मारिनारा (यात चीज नसते पण लसूण असतो), बटाट्याचा, आणि पिझ्झा बियांका, म्हणजे नुसते तेल-मीठ लावलेला. जैन मंडळींना बियांका हाच खरा आधार.

आता सापळे. भोपळ्याची फुले भरून तळलेली दिसतात, मेन्यूत 'फियोरी दी झुक्का' म्हणून, आणि भजी समजून घेतली जातात. आत चीजबरोबर अँचोव्ही मासा असतो. सुप्ली हा भाताचा तळलेला गोळा. पारंपरिक रश्श्यात मांसाचा खिमा असतो. कार्बोनारा आणि अमात्रिचाना पास्त्यांत डुकराचे मांस. काचो ए पेपे, म्हणजे चीज-मिरीचा पास्ता, दिसायला शुद्ध शाकाहारी. पण त्यातले पेकोरिनो चीज जनावराच्या पोटातल्या विकराने विरजलेले असते. पार्मेझानचेही तेच. काटेकोर पाळणाऱ्यांनी टोमॅटो सॉसचा पास्ता चीज न घालता मागावा. "सेंझा कार्ने, सेंझा पेशे" म्हणजे मांस नको, मासे नकोत. एवढे शब्द पुरतात.

अगदीच डाळभाताची ओढ लागली तर व्हित्तोरियो एमान्युएले मेट्रो स्थानकाजवळच्या एस्क्विलिनो भागात बांगलादेशी आणि भारतीय दुकाने आहेत. तिथल्या मंडईत हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, डाळी सगळे मिळते. स्वयंपाकघर असलेल्या मुक्कामाला ही मंडई फार उपयोगी.

कॉफी कधी दीड युरोला, कधी पाच युरोंना, असे का?

उभे राहून प्यायली की एक भाव, टेबलावर बसून प्यायली की दुसरा. दोन्ही दर लावलेले असतात. रोमन माणूस काउंटरला उभ्याने दोन घोटांत एस्प्रेसो संपवतो आणि जातो, तसेच करा. गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, मग ती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची. आणि ज्या बारमध्ये कॉफी घेतली तिथले स्वच्छतागृह वापरायला संकोच करू नका. सार्वजनिक ठिकाणी त्याचा एक युरो पडतो, म्हणजे कॉफीच जवळजवळ फुकट.

गार काय घ्यावे?

ग्रात्ताकेक्का. लादीवरून खरवडलेला बर्फ, वर सरबत आणि फळांचे तुकडे. आपला बर्फाचा गोळा, फक्त काडीऐवजी पेल्यात. टायबर नदीच्या काठी, तिबेरिना बेटाजवळच्या टपऱ्या यासाठी प्रसिद्ध आहेत. जेलातो घेताना रंगांचे डोंगर रचलेली दुकाने टाळा. झाकणाच्या धातूच्या डब्यांतले बहुधा चांगले निघते. पिस्त्याचा रंग भडक हिरवा दिसला तर पुढे चला.

बस-मेट्रोसाठी दिवसाचा पास घ्यावा का?

बहुतेकांना नको. साधे तिकीट दीड युरोचे, १०० मिनिटे चालते. त्यात बस-ट्राम कितीही बदला, मेट्रोत प्रवेश मात्र एकदाच. २४ तासांचा पास साडेआठ युरोंचा. म्हणजे सहा वेळा चढलात तरच फायदा. वर दिलेल्या क्रमात तीन पुरतात. दहा वर्षांखालची मुले मोठ्यांबरोबर फुकट.

कागदी तिकीट तंबाखूच्या दुकानात, म्हणजे 'टी' अक्षराची पाटी असते तिथे, आणि मेट्रो स्थानकातल्या यंत्रावर मिळते. बसमध्ये चढताच ते यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवायची. तिकीट खिशात आहे पण वेळ उमटवलेली नाही, तरी पन्नास युरोंच्या वर दंड होतो. "माहीत नव्हते" हे तपासनीस ऐकत नाहीत.

कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट टेकवूनही चालते, तिकीट काढायची गरज नाही. एका कार्डावर एकच माणूस, त्यामुळे नवरा-बायकोला दोन कार्डे हवीत; आणि बदली बसमध्येही तेच कार्ड टेकवायचे, फोन नाही. भारतीय बँकेच्या ॲपमध्ये परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस असे दोन्ही व्यवहार निघण्यापूर्वी चालू करून ठेवा. नाहीतर कार्ड दारात नाकारले जाते आणि मागे रांग खोळंबते.

संप हा इथला नित्याचा प्रकार, बहुधा शुक्रवारी. आधी जाहीर होतो. संपातही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ गाड्या चालतात.

विमानतळावरून स्वस्तात कसे यायचे?

फियुमिचिनोहून तेर्मिनी स्थानकाला थेट जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस १४ युरो घेते, ३२ मिनिटांत पोहोचवते. बस साधारण त्याच्या निम्म्यात, पण रस्ता तुंबला की तास जातो. मुक्काम त्रास्तेव्हेरे किंवा ओस्तिएन्से बाजूला असेल तर 'एफएल १' लोकल, ८ युरो. ती तेर्मिनीला जात नाही, हे विसरू नका. कागदी तिकिटावर फलाटाजवळच्या यंत्रात वेळ उमटवायची असते.

दुपारी चर्च बंद असतात ना?

लहान चर्च साधारण साडेबारा ते साडेतीन-चार बंद. चार मोठी बॅसिलिका, म्हणजे सेंट पीटर्स, सांता मारिया माज्जोरे, लातेरानोचे सान जोव्हान्नी आणि शहराच्या दक्षिणेचे सान पाओलो, दुपारीही उघडी असतात. म्हणून भर दुपारी ही आणि संध्याकाळी लहान.

लहानांत सान लुईजी देई फ्रांचेसी चुकवू नका: काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रे, जागच्या जागी. सांत आगोस्तिनोत त्याचे आणखी एक, सांता मारिया देल पोपोलोत दोन. कोनाड्यात अंधार असतो. एक युरोचे नाणे पेटीत टाकले की काही मिनिटे दिवा लागतो. दुसऱ्या कोणी टाकायची वाट पाहत उभे राहणारे बरेच असतात, आणि तेही चालते. सांत इन्यात्सिओमध्ये छताकडे पाहा: घुमट दिसतो तो घुमट नाही, सपाट पडद्यावर पोत्सोने रंगवलेला आहे.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. सेंट पीटर्समध्ये हे कडक आहे. पिशवीत सुती ओढणी किंवा पंचा ठेवा. तोच नळाखाली ओला करून मानेवर टाकता येतो.

व्हॅटिकन याच दिवशी बसेल का?

संग्रहालये बसणार नाहीत. त्यांना तीन-चार तास लागतात, आणि सिस्टिन चॅपेलपर्यंतच्या गर्दीत हवा कोंडते. सेंट पीटर्स मात्र फुकट आहे आणि सकाळी सातला उघडते. सातला पोहोचलात तर तपासणीची रांग छोटी. त्या दिवशी कोलोसियम सोडा. घुमटावर ५५१ पायऱ्या आहेत, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटचा भाग अरुंद, तिरपा आणि गरम. गुडघे दुखणाऱ्यांनी जाऊ नये. बुधवारी सकाळी चौकात पोपची सभा असेल तर बॅसिलिका दुपारपर्यंत बंद राहते.

दंड कशाकशाला होतो?

स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी. दंड ४०० युरोंपर्यंत जाऊ शकतो. ऐतिहासिक कारंज्यांत पाय बुडवले तरी दंड. ट्रेव्हीच्या अगदी कठड्यापाशी उतरायला फेब्रुवारी २०२६ पासून पर्यटकांना दिवसा दोन युरो पडतात; वरच्या चौकातून पाहणे फुकट.

पंधरा ऑगस्टला गेलो तर?

त्या दिवशी इटलीत फेरागोस्तो, मोठी सुट्टी. त्या आठवड्यात घरगुती खाणावळी आणि छोटी दुकाने 'फेरिये'ची, म्हणजे सुट्टीची, चिठ्ठी लावून बंद असतात. आदल्या दिवशी सुपरमार्केटमधून ब्रेड, फळे, दही आणून ठेवा.

कोणाला ऊन लागले तर काय करायचे?

चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर लगेच सावली, पाय थोडे उंच, घोट घोट पाणी आणि इलेक्ट्रॉल. मनगटे आणि मान नळाखाली धरा. अर्ध्या तासात बरे वाटायला हवे. माणूस बरळू लागला, अंग तापून कोरडे पडले किंवा शुद्ध हरपत असेल तर ११२ लावा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यातल्या प्रवासाआधी डॉक्टरांना विचारा. अशा माणसांना ऊन लवकर बाधते.

रात्री उशिरा परतणे सुरक्षित आहे का?

हो, धोका मारहाणीचा कमी, खिसेकापूंचा जास्त. मेट्रोचा 'ए' मार्ग आणि तेर्मिनी-व्हॅटिकन धावणारी ६४ क्रमांकाची बस या त्यांच्या आवडत्या जागा. दार बंद होण्याच्या क्षणी होणारी धक्काबुक्की ओळखून असा आणि सॅक पोटाशी घ्या. हातात फुकट धागा बांधू पाहणाऱ्याला हात देऊच नका. मेट्रो साडेअकराला थांबते, शुक्रवारी-शनिवारी दीडला. त्यानंतर रात्रीच्या बस असतात, त्यांच्या क्रमांकाआधी 'एन' असते. त्रास्तेव्हेरेतून व्हेनेझिया चौकाकडे ८ क्रमांकाची ट्राम जाते. रुळांचे काम असेल तेव्हा त्याच क्रमांकाची बस धावते आणि तिचा थांबा थोडा बाजूला असतो.